मामीचे चार आकडे

माझ्या मामीने ऑफिसातल्या एका चांगल्या प्रिंटरवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि तो दोन वर्षं एकटीने वापरला. बाकीचे लोक कोपऱ्यातल्या खडखडणाऱ्या प्रिंटरपुढे रांग लावायचे. सगळे जेवायला गेले की मामी चिठ्ठी उचलायची, आपले कागद काढायची आणि चिठ्ठी पुन्हा होती तिथे लावायची. शेवटी साहेबांनी तो प्रिंटर भंगारात काढायचा हुकूम सोडला, तेव्हा तिने दुपारच्या आत तो ‘दुरुस्त’ करून दाखवला आणि वर शाबासकीचं पत्र मिळवलं. ते पत्र चौकट करून आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेलं आहे. मामा रोज त्याच्यावरची धूळ पुसतो. खरी भानगड त्याला ठाऊक आहे का, हे मी एकदा विचारलं, तर तो म्हणाला, “पत्र चांगलंय.” मामाला काय ठाऊक असतं आणि काय नसतं, याचा थांग आम्हाला कधीच लागला नाही.

मी त्यांची भाची. नोकरी लागली तेव्हापासून त्यांच्याच घरी राहते आणि एका वाचनालयातले बारा संगणक सांभाळते. ते काम मला मामीने शिकवलं. शिकवताना तिने माझा जो पाणउतारा केला तो मी विसरलेले नाही, पण शिकवलं चांगलं.

मामीचा धंदा पानं लावायचा. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात ती मजकूर, आकृत्या, नकाशे संगणकावर पानात बसवते. वर्तुळाला टेकलेली रेघ खरंच टेकली आहे की केसभर लांब आहे, हे पाहणं तिचं काम. केसभर चुकली तर हजारो मुलं डोकं खाजवत बसतील, हे ती मला इतक्यांदा सांगते की आता मलाच रेघा दिसल्या की धडकी भरते.

दरवर्षी दहा दिवस मामी आणि आणखी पाच जण बंद खोलीत जातात. खोली म्हणजे दोन दालनं, सहा खाटा आणि चार संगणक. तिथला एकच नियम मला पाठ आहे, कारण त्याचा त्रास घरी मला होतो: आत गेलेली वस्तू काम संपेपर्यंत बाहेर येत नाही. पेन नाही, वर्तमानपत्र नाही, डबासुद्धा नाही. त्यामुळे रोज सकाळी अकरा वाजता मी जो जेवणाचा डबा पोचवते तो आतच राहतो आणि आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी एकेक दिवस ओकीबोकी होत जाते. एका वर्षी दहाव्या दिवशी मामाच्या दाढीच्या सामानाचा डबा तीनदा घासून पाठवला होता. मामीने वास ओळखला आणि पुढे सहा महिने ऐकवलं.

दुपारी चार वाजता खिडकी. जाड काच, तिच्यात बोलण्यापुरती भोकं, आणि घरच्यांशी दहा मिनिटं. विषय घरगुतीच हवा. काचेच्या बाहेर स्टुलावर एक पहारेकरी बसलेले असतात, त्यांना सगळे कानवाले काका म्हणतात, कारण ऐकणं हीच त्यांची नोकरी आहे. फार वर्षांपूर्वी आतल्या कोणीतरी धुवायच्या कपड्यांची यादी सांगता सांगता, तीन सदरे, एक चादर, चार टॉवेल, असं करत प्रश्नांची उत्तरं बाहेर पोचवली होती म्हणे. तेव्हापासून खिडकीपाशी आकडा उच्चारायला बंदी आहे. कोणाच्याही तोंडून आकडा निघाला की काका तळहात वर करतात आणि म्हणतात, “आकडा नको.” एकदा एका बिचारीने नवऱ्याला सांगितलं की बाळाला दोन दात आले. काकांचा हात वर. “बाळाला दात आले,” ती म्हणाली, “थोडे.” मी तिथेच उभी होते. हसू आवरता आवरता माझ्या पोटात दुखायला लागलं.

यंदा मात्र हसण्यासारखं नव्हतं. मामाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि डावा डोळा लहानपणापासूनच अधू. म्हणजे जे काही दिसणार ते त्या एकाच डोळ्यातून, आणि त्याच्यावर तीन वर्षांपासून साय धरलेली. ऑपरेशन दोनदा ठरलं. पहिल्यांदा मामाला ऐन वेळी सर्दी झाली, जी दवाखान्याचं फाटक ओलांडून परत आल्याबरोबर बरी झाली. दुसऱ्यांदा मामी ऐनवेळी ऑफिसात अडकली आणि मामा म्हणाला, “ती नाही तर मी नाही.” डॉक्टरीणबाईंनी आता तंबी दिली होती: मोतीबिंदू पुरता पिकलाय, या गुरुवारी झालंच पाहिजे, नाहीतर डोळा हातचा जाईल. बंद खोली बुधवारी संध्याकाळी उघडायची होती. काम संपलं तरच उघडायची. मामीने आत जाताना मामाला सांगितलं होतं, “गुरुवारी सकाळी मी तुमचा हात धरून उभी असेन. सर्दी करून घेऊ नका.”

शुक्रवारी आतल्या मुख्य संगणकाचं ग्राफिक्स कार्ड जळालं.

भांडारातून नवीन कार्ड आत गेलं. मामीने ते स्वतः बसवलं. पण नवीन कार्डाला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्या संगणकात नव्हता. एरवी इंटरनेटवरून तो पाच मिनिटांत उतरतो. त्या संगणकाने मात्र जन्मात इंटरनेट पाहिलेलं नाही, त्या भिंतीत तारच नाही. पडदा कसाबसा उजळला, पण अक्षरं हाताच्या पंजाएवढी आणि आकृत्या दातेरी. वर्तुळ आहे की फणस आहे ते कळेना. रेघ टेकली की नाही हे मग कोण सांगणार? काम ठप्प झालं.

त्याच संध्याकाळी मला छापखान्यातून चिठ्ठी मिळाली. मामीचं अक्षर, खाली दोन सह्या, एक शिक्का: ‘ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर पाठवावा.’ त्यापुढचा कार्डाचा नंबर काळ्या शाईने खोडलेला. आकडा बाहेर कसा येऊ द्यायचा! आकड्यांना परवानगी फक्त मोठे साहेब देऊ शकतात आणि मोठे साहेब पुढच्या सोमवारपर्यंत रजेवर. नशीब की कार्डाचं खोकं भांडारात पडलेलं होतं, त्यावर नंबर होता. मी ड्रायव्हर उतरवला, पेनड्राइव्हवर घातला, आणि शनिवारी डब्याबरोबर तोही दिला. दारावरच्या तपासनिसाने फाइल उघडून पाहिली, वहीत नोंदली आणि आत सोडली. मी मोठ्या ऐटीत घरी आले. मामाला म्हटलं, झालं काम.

चार वाजता काकांनी खिडकीपाशी माझ्या हातात दुसरी चिठ्ठी ठेवली आणि मी कपाळाला हात लावला. ‘ड्रायव्हर मिळाला. कर्नलचे हेडर नाहीत, पाठवावेत. कर्नल’ आणि पुढे चार काळे डाग.

चूक माझी होती, मान्य करते. तिथले संगणक लिनक्स प्रणालीवर चालतात, आणि लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. ड्रायव्हर त्या गाभ्यात बसवायचा तर गाभ्याची मापं सांगणाऱ्या फायली लागतात, त्यांना हेडर म्हणतात. आमच्या वाचनालयात त्या आधीपासून असतात, म्हणून मी धरून चालले की तिथेही असतील. आणि ही मापं गाभ्याच्या नंबराशी तंतोतंत जुळावी लागतात. नंबरात चार आकडे. शेवटचा एक जरी चुकला तरी ड्रायव्हर दारातूनच परत फिरतो.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्याच नंबरांच्या फायली एकदम पाठवायच्या. मलाही सुचलं होतं. पण तपासनीस प्रत्येक फाइल हाताने वहीत उतरवतो आणि दिवसाला दहाच्या वर एकही घेत नाही. मी विनवणी केली तर म्हणाला, “बाई, मलाही मनगट आहे.” एका नंबराला हेडर आणि त्यांच्या मागोमाग लागणारं सामान मिळून नऊ फायली होतात. म्हणजे दिवसाला एकच नेम. संगणकाची नोंदवही कुठे आहे विचारलं, तर ती आत.

मी काचेपलीकडे पाहिलं. मामी मला न्याहाळत होती. प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवताना तिचा चेहरा असाच निष्पाप असणार.

“ऐक नीट,” ती म्हणाली. “घरी गेलीस की आधी मामाच्या बहिणींची खुशाली विचार. सगळ्यांची. एकीलाही वगळू नकोस.”

“बरं.”

“मग जिना पूस. वरपासून खालपर्यंत, पायरीन् पायरी.”

“परवाच पुसला गं.”

“परत पूस. मग जरा बस आणि विचार कर, लग्न झाल्यापासून तुझ्या मामाने मला कितीदा चहा करून दिला.”

काकांनी मान वाकडी करून कान पुढे केला. आकडा एकही नव्हता. त्यांचा तळहात मांडीवरून अर्धा उठला आणि परत बसला.

“आणि शेवटी माझं लग्न आठव,” मामी म्हणाली. “मी तेव्हा केवढी होते ते आठव. याच क्रमाने कर हं सगळं. तू पुढचं काम मागे आणि मागचं पुढे करतेस.”

माझ्या हातात चिठ्ठी होती. तिच्यावर चार डाग, आणि मामीने सांगितलेली चार कामं. मला इतका आनंद झाला की काच फोडून तिचा मुका घ्यावासा वाटला. तिने मात्र ताकास तूर लागू दिली नाही. “डब्यात मीठ कमी होतं,” म्हणाली आणि निघून गेली.

घरी येऊन मी मामाला सगळं रंगवून सांगितलं आणि कागदावर मांडलं. बहिणी पाच, त्यातली एक माझी आई. जिन्याच्या पायऱ्या दहा, मी मोजूनही आले. चहा शून्य.

“शून्य कसा?” मामा म्हणाला. “एकदा केला होता.”

“करून दिलास का पण?”

मामा विचारात पडला. “ती उठेपर्यंत निवला असता. मीच प्यायलो.”

शून्य लिहिलं. राहिलं लग्नातलं वय, तर ते आमच्या घरात कुत्र्यामांजरालाही पाठ आहे. “मी बावीसची आणि हे चोवीसचे,” अशी मामीच्या लग्नाची गोष्ट सुरू होते, आणि ती गोष्ट दर दोन महिन्यांनी कोणा ना कोणा पाहुण्याला ऐकावी लागते. बावीस. मामा चष्मा पुसत बसला. त्या चष्म्यातून त्याला तसंही काही दिसत नव्हतं.

पाच, दहा, शून्य, बावीस. असा नंबर खरोखरच होता! मी नऊ फायली उतरवल्या आणि रविवारी सकाळी दिल्या.

रविवारी खिडकीवर मामाही आला. त्याचा हात धरून मी त्याला फुटपाथच्या कडा सांगत नेलं. मामी काचेशी आली आणि तिचं तोंड पाहूनच मला कळलं की नेम हुकला.

“नाही घेत,” ती म्हणाली. “म्हणतं, दुसऱ्या कोणाचं तरी आणलंत.”

“बहिणींची खुशाली विचारली,” मी म्हटलं. “सगळ्यांची.”

“ते बरोबर असेल.”

“जिना पुसला.”

“तोही बरोबर.”

“चहाचं आठवलं.”

मामीने मामाकडे एक कटाक्ष टाकला. “त्यात चूक व्हायला जागाच नाही.”

“मग राहिलं तुझं लग्न.”

मामीचे कान लाल झाले, मग गाल. माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. मामी पुढच्या वर्षी मुदतीआधीच नोकरी सोडणार होती, ‘कंटाळा आला’ म्हणून. वर्षभर ती हे ज्याला त्याला सांगत सुटली होती. कंटाळा! या बाईला कंटाळा! खऱ्या वयाप्रमाणे तिची मुदतच संपत होती. खोटं वय तिने आम्हा सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं, तिला स्वतःला मात्र ते कधीच पाठ झालं नव्हतं. घाईत, मशीनपुढे बसून आकडा जुळवताना, तिला खरं वयच आठवलं.

“लग्नाचं काय?” मामाने विचारलं.

“काही नाही हो. अल्बम शोधायला सांगितला होता हिला.” मग माझ्याकडे वळून, “तू जिथे थांबलीस ना, तिथून जरा पुढे जा.”

“किती पुढे?”

काकांचा हात वर. “आकडा नको.”

मामीने काकांकडे पाहिलं, मग मामाकडे. मामा काचेकडे तोंड करून उभा होता, पण जरासा चुकीच्या बाजूला, तिच्या खांद्याच्या पलीकडे बघत. ते तिने पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. मला तिची दया आली, खरंच आली. तेहतीस वर्षं जपलेलं एक खोटं एका बाजूला आणि गुरुवार दुसऱ्या बाजूला. तिने दोन्ही हात काचेवर टेकले.

“अहो, ऐका,” ती म्हणाली. “मला तुम्हाला एक सांगायचंय. आकडा नाही सांगत मी काका, गोष्ट सांगते. अहो, आपलं लग्न ठरलं ना, तेव्हा मी—”

“घरी आल्यावर सांग,” मामा म्हणाला. “अशी काचेतून कशाला?”

“घरी कधी येणार मी! ते जुळलं नाही तर—”

“जुळेल,” मामा म्हणाला. तेवढ्यात घंटा झाली.

परतताना मी मनातल्या मनात गणित करत होते. तेवीस? चोवीस? तीस? रोज एकच नेम आणि दिवस उरले तीन, त्यात आकृत्या तपासायला तिला निदान दोन दिवस हवेत. म्हणजे उद्याचा नेम हुकला की गुरुवार गेला.

“पुढे खड्डा आहे,” मी म्हटलं.

मामाने पाय उचलून खड्डा ओलांडला. “सव्वीस घाल,” तो म्हणाला.

मी जागच्या जागी उभी राहिले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने मला शिव्या घातल्या.

“काय म्हणालास?”

“लग्नात ती सव्वीसची होती. बावीस घातलंस तर कसं बसेल? काल मला वाटलं, तिने तिकडे बावीसच धरलं असेल. म्हणून बोललो नाही.”

“तुला कधीपासून माहितीय?”

“लग्नाच्या नोंदणीपासून. तिने आपला जन्माचा दाखला पाकिटात घालून, चिकटवून दिला होता. म्हणाली, थेट साहेबांच्याच हातात द्या. दिला. साहेबांनी पाकीट फाडलं, दाखला काढला आणि मलाच म्हणाले, वाचा, मी लिहितो.”

“आणि तेहतीस वर्षं तू मूग गिळून बसलास?”

“मग काय करायचं?” मामा म्हणाला. “बायको मोठी म्हणून लोक हसतील असं तेव्हा तिच्या डोक्यात कोणी घातलं असेल. एकदा म्हणून बसली, मग मागे कसं फिरणार? आणि किती रंगून सांगते ती, ‘मी बावीसची आणि हे चोवीसचे’. ऐकायला मला आवडतं. माझं काय जातंय?” दोन पावलं चालून तो पुन्हा म्हणाला, “वाढदिवसाला चार मेणबत्त्या कमी लावायच्या, एवढंच लक्षात ठेवावं लागतं.”

मी त्याचा दंड घट्ट धरला. त्या नादात पुढचा फुटपाथ आला तेही सांगायचं राहिलं आणि बिचारा अडखळला.

“तिला सांगू नकोस हं,” तो म्हणाला.

सोमवारी सकाळी नऊ फायली गेल्या. पाच, दहा, शून्य, सव्वीस. चार वाजता मामी खिडकीत आली ती जवळजवळ नाचतच.

“बसलं!” ती म्हणाली. “अगं, काय चकचकीत दिसतंय सगळं! एक रेघ चार दिवस मला टेकलेली वाटत होती, ती टेकलेलीच नाही. वाचली पोरं.” मग तिने आवाज खाली आणला. “तुला कसं कळलं?”

“तू म्हणालीस ना, जरा पुढे जा. गेले.”

“आणि नेमकी तिथेच थांबलीस?”

“नशीब माझं.”

मामीने डोळे बारीक केले. “यांना काही—”

“मामाला? त्याला काय कळतंय,” मी म्हटलं. डोळ्याची पापणी लवू न देता म्हटलं. शेवटी शिष्या कोणाची!

पुढचे दोन दिवस ती सहाही माणसं टेबलापाशीच जेवली. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता दार उघडलं आणि मामी बाहेर आली, दोन्ही हातांत डब्यांची पोती घेऊन. ती सह्या करायला गेली तेव्हा कानवाले काका स्टुलावरून उठून माझ्यापाशी आले.

“चिठ्ठीवर डाग चार आणि कामंही चार, तेव्हा बहिणी आणि पायऱ्या कशासाठी ते मला शनिवारीच कळलं,” ते म्हणाले. “आत जाऊन मशीनवर पाहून आलो. आकडे मशीनचेच होते, पेपरातले नव्हते. म्हणून डायरीत ‘घरगुती बोलणं’ असं लिहिलं.”

मी गार पडले. “काका, मग रविवारी तुम्हाला माहीत होतं? सव्वीस हवं होतं ते?”

“माहीत होतं ना! तुमच्या पेनड्राइव्हवर बावीस पाहिलं, तपासनिसाच्या वहीत. जिवाची नुसती तगमग झाली. पण बोलू कसा?” काकांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. “नियम माझाच. आणि मशीनवर चहाचं शून्य पाहिल्यापासून मी घरी बायकोसाठी रोज चहा करतोय. दोनदा उतू गेला.”

गुरुवारी सकाळी मामी मामाचा हात धरून दवाखान्यात उभी होती. मामाचा चेहरा पांढराफटक, पण सर्दी नव्हती. फॉर्म भरताना नर्सने सोबत आलेल्या माणसाचं वय विचारलं. मामी टेबलावर पार वाकली आणि नर्सच्या कानात काहीतरी पुटपुटली. “एकोणसाठ ना?” नर्स खणखणीत आवाजात म्हणाली. मामाला नेमकी तेव्हाच खोकल्याची अशी उबळ आली की दोन खुर्च्या पलीकडचे लोक उठून उभे राहिले. मामीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो खोकला मी जन्मभर विसरणार नाही.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. पट्टी दुसऱ्या दिवशी काढायची होती. शुक्रवारी सकाळपासून मामी सारखी केस सारखे करत होती. बोळात मला बाजूला घेऊन म्हणाली, “मी फार थकलेली दिसते का गं? तीन वर्षांत नीट पाहिलेलं नाही यांनी मला. साय होती ती बरी होती.” मी म्हटलं, तू छान दिसतेस. ती म्हणाली, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, बोटं दाखवली, किती म्हणून विचारलं. मामा म्हणाला, तीन. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाटी त्याने वाचून दाखवली, अगदी खालची बारीक ओळसुद्धा. बाई खूश होऊन पुढच्या खाटेकडे गेल्या.

मग मामाने मान वळवली आणि मामीकडे पाहिलं. या वेळी खांद्याच्या पलीकडे नाही. कपाळ, डोळ्यांखालचं काळं, कानाजवळचे पांढरे केस, सगळं सावकाश पाहिलं, आणि पाहता पाहता त्याचा चेहरा असा उजळला की माझेच डोळे भरून आले. मामीने मान खाली घातली नाही. तिने एक लांब श्वास घेतला.

“अहो, त्या दिवशी खिडकीपाशी सांगायचं राहिलं,” ती म्हणाली. “आपल्या लग्नात मी बावीसची नव्हते. मी तेव्हा—”

मामाने तळहात वर केला.

“आकडा नको,” तो म्हणाला.